खालच्या न्यायाधीशाविरुद्ध वरचे न्यायालय रिट केव्हा काढते? (अमेरिकेतील मँडॅमस)

धागाकर्ता : शिरस्तेदार

अमेरिकेतील एखाद्या गाजणाऱ्या खटल्याच्या बातमीत "अपील न्यायालयाने मँडॅमसचा अर्ज फेटाळला" असे वाक्य आले (मँडॅमस म्हणजे वरच्या न्यायालयाने खालच्या न्यायाधीशाला थेट दिलेली आज्ञा, एक प्रकारची रिट) की बहुतेक वाचक त्याचा अर्थ "खालच्या न्यायाधीशाचे बरोबर ठरले" असा लावतात, आणि पुष्कळदा बातमी देणाराही तसाच लावतो. तेथील निकाल मुळातून वाचणाऱ्यांना मात्र ठाऊक असते की, अर्ज फेटाळणाऱ्या आदेशात न्यायाधीशाचा निर्णय योग्य की अयोग्य याबद्दल अनेकदा अवाक्षरही नसते. ही तक्रार घेऊन येण्याची ही वेळ नव्हे, एवढेच न्यायालयाने सांगितलेले असते. हा फरक कोठून येतो आणि मग रिट निघते तरी केव्हा, यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. चर्चा शक्यतो फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायालयांपुरती ठेवावी. राज्यांच्या न्यायालयांचे नियम निराळे आहेत. टेक्ससचे सर्वोच्च न्यायालय तर २००४ पासून या बाबतीत बरेच मोकळ्या हाताचे झाले आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. फेडरल व्यवस्थेत अपील करायचे ते अंतिम निकालावर. खटला चालू असताना न्यायाधीश शेकडो आदेश देतो, आणि त्यांतले चुकलेले आदेश शेवटी एकत्रित अपिलात तपासले जावेत, अशी कायद्याची योजना आहे. तिला काही अपवाद आहेत. न्यायाधीशाने स्वतःच "हा प्रश्न महत्त्वाचा आणि वादग्रस्त आहे" असा दाखला दिला, तर अपील न्यायालय मधेच अपील दाखल करून घेऊ शकते. मनाई हुकमांवर थेट अपील करता येते. आणि मूळ वादापासून पूर्ण अलग असलेल्या काही मोजक्या आदेशांवरही करता येते. यांपैकी काहीच लागू होत नसेल तर उरतो तो 'ऑल रिट्स अॅक्ट', म्हणजे १७८९ च्या न्यायव्यवस्थेच्या कायद्यातून चालत आलेली आणि आज संहितेच्या २८ व्या शीर्षकात कलम १६५१ म्हणून असलेली तरतूद. आपल्या अधिकारक्षेत्राच्या साहाय्यार्थ आवश्यक ती रिट काढण्याची मुभा ती न्यायालयांना देते.

सध्या जे तीन निकष सर्वत्र उद्धृत होतात ते २००४ च्या चेनी खटल्यातले आहेत. उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांच्या अध्यक्षतेखालील ऊर्जा धोरण गटात तेल आणि वीज कंपन्यांचे लोक प्रत्यक्षात सदस्यासारखे वावरत होते, असा आरोप करून दोन संस्थांनी दावा लावला आणि गटाची कागदपत्रे मागितली. मागणी इतकी ऐसपैस होती की तिच्यातून काही सुटलेच नव्हते. तरीही जिल्हा न्यायाधीशांनी ती मान्य केली. अपील न्यायालयाने रिट नाकारताना सांगितले की, उपराष्ट्राध्यक्षांनी आधी एकेका कागदावर कार्यकारी विशेषाधिकाराचा, म्हणजे सरकारी कागद गोपनीय ठेवण्याच्या हक्काचा, दावा करावा. सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे खोडून काढले. न्यायमूर्ती केनेडी यांनी लिहिलेल्या निकालानुसार, दाद मिळवण्याचा दुसरा पुरेसा मार्ग नसावा, अर्जदाराचा हक्क स्पष्ट आणि निर्विवाद असावा, आणि एवढे जुळूनही रिट काढणे परिस्थितीला धरून आहे असे न्यायालयाला वाटावे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, सर्वोच्च न्यायालयाने स्वतः रिट काढली नाही. प्रकरण परत पाठवले. २००५ मध्ये अपील न्यायालयाच्या पूर्णपीठाने रिट काढून दावाच निकाली काढायला सांगितले.

माझे मत असे की, या तिन्हींत खरा जीव पहिल्या निकषात आहे. न्यायाधीश चुकला का, हा प्रश्न नंतर येतो. ही चूक पुढे दुरुस्त होऊ शकेल का, हा आधी.

वाचनमात्र

माहितीपूर्ण धागा. एक शंका आहे. न्यायाधीशाचा आदेश उघड उघड चुकीचा आहे, हे वरच्या न्यायालयाला अर्ज वाचताक्षणी दिसत असेल, तर पक्षकाराला दोन-तीन वर्षे चुकीच्या पायावर खटला लढवायला लावून, मग अपिलात निकाल रद्द करून, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावण्यात कोणता न्याय आहे? वकिलाची फी तर परत मिळत नाही.

शिरस्तेदार

शंका रास्त आहे, आणि तिचे जे उत्तर तेथील न्यायालयांनी दिले आहे ते पक्षकाराला फारसे सुखावणारे नाही. १९५३ च्या बँकर्स लाइफ खटल्यात एका विमा कंपनीने फ्लोरिडात दावा लावला होता, आणि न्यायाधीशाने एका प्रतिवादीपुरता तो तोडून जॉर्जियाला पाठवला. आता दोन ठिकाणी लढावे लागणार, खर्च दुप्पट, आणि शेवटी कदाचित सगळेच वाया, अशी कंपनीची तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले की, विलंब आणि कदाचित अनावश्यक ठरणारी सुनावणी हा त्रास खरा आहे, पण अंतिम निकालानंतरच अपील ही योजना स्वीकारताना कायदेमंडळाने तो त्रास जमेस धरलेलाच आहे. रिट हा अपिलाचा आडमार्ग होऊ शकत नाही.

म्हणजे पैसा आणि वेळ यांचे नुकसान सामान्यतः 'भरून न येणारे' मानले जात नाही. ते मानले, तर प्रत्येक अंतरिम आदेशावर अर्ज येईल आणि एकही खटला शेवटाला जाणार नाही. दुसरे कारण थोडे नाजूक आहे. रिट ही थेट न्यायाधीशाला दिलेली आज्ञा असते. पूर्वी अशा अर्जात न्यायाधीशालाच प्रतिवादी केले जाई, आणि आपल्याच समोर चालू असलेल्या खटल्यात त्याला वकील शोधावा लागे. १९४७ च्या एक्स पार्टे फाहे निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार खेदजनक असल्याचे म्हटले आणि हे उपाय खरोखरच असाधारण प्रसंगांसाठी राखून ठेवायला सांगितले. १९९६ मध्ये अपील प्रक्रियेचा २१ वा नियम बदलला, तेव्हापासून न्यायाधीशाला प्रतिवादी मानले जात नाही. समोरचा पक्षकार उत्तर देतो. न्यायाधीशाने बोलायचे ते वरच्या न्यायालयाने बोलावले किंवा परवानगी दिली तरच. आणखी एक बाब याच नियमात आहे: अर्जात काही दम नाही असे दिसले, तर समोरच्या बाजूचे उत्तर न मागवताच तो फेटाळता येतो, पण मंजूर करायचा असेल तर आधी उत्तर मागवावेच लागते. त्यामुळे "उत्तर सादर करा" असा आदेश निघाला की वकिलांचे कान टवकारतात.

कागदीघोडे

'पुढे दुरुस्त होऊ शकेल का' ही कसोटी सर्वांत स्वच्छ दिसते ती गोपनीय कागदपत्रांच्या प्रकरणांत, म्हणून एक प्रकरण जरा सविस्तर मांडतो.

इराकमधील लष्करी कंत्राटांत केलॉग ब्राउन अँड रूट या कंपनीने सरकारला फसवले, असा दावा तिच्याच एका माजी कर्मचाऱ्याने सरकारच्या वतीने लावला होता. कंपनीने आपल्या विधी विभागाच्या देखरेखीखाली या आरोपांची अंतर्गत चौकशी केली होती, आणि त्या चौकशीचे अहवाल त्याने मागितले. वकील आणि अशील यांच्यातील गोपनीयतेचे संरक्षण त्यांना आहे, असे कंपनीचे म्हणणे. जिल्हा न्यायाधीशांनी ते फेटाळले. त्यांची विचारसरणी अशी की, संरक्षण खात्याच्या नियमांनुसार कंपनीला अशी चौकशी करावीच लागली असती. ती केवळ कायदेशीर सल्ल्यासाठी झालेली नव्हती, म्हणून गोपनीयता नाही.

आता कंपनीपुढे मार्ग कोणते होते ते पाहा. कागद देऊन टाकायचे आणि हरल्यावर अपिलात "ते द्यायला लावणे चूक होते" असे म्हणायचे, तर तोवर विरुद्ध पक्षाच्या वकिलाने ते वाचून पाठ केलेले असणार. अपिलात निकाल फिरवता येतो, वाचलेले विसरायला लावता येत नाही. आदेश मोडून न्यायालयाच्या अवमानाची शिक्षा ओढवून घ्यायची आणि त्या शिक्षेवर अपील करायचे, हा दुसरा मार्ग. तिसरा म्हणजे न्यायाधीशाकडे मधल्या अपिलाची परवानगी मागायची. ती मागितली आणि नाकारली गेली. डी.सी. सर्किटने, म्हणजे राजधानी वॉशिंग्टनच्या फेडरल अपील न्यायालयाने (तेथील विभागवार अपील न्यायालयांना 'सर्किट' म्हणतात), २०१४ मध्ये रिट काढली. निकाल लिहिणारे न्यायाधीश कॅव्हनॉ आज सर्वोच्च न्यायालयात आहेत. त्यांनी म्हटले की, कायदेशीर सल्ला मिळवणे हा चौकशीच्या महत्त्वाच्या हेतूंपैकी एक असला तरी पुरे; तोच एकमेव हेतू असण्याची गरज नाही. खालच्या न्यायालयाची कसोटी टिकली तर देशभरातल्या कंपन्या अंतर्गत चौकशी करताना बिचकतील, हेही रिट काढण्याचे एक कारण म्हणून सांगितले. प्रकरण परत गेले, जिल्हा न्यायाधीशांनी निराळ्या कारणांवर तेच कागद पुन्हा उघड करायला सांगितले, आणि २०१५ मध्ये दुसऱ्यांदा रिट निघाली.

यावरून गोपनीयतेचा मुद्दा काढला की रिट हमखास मिळते, असा समज मात्र होऊ नये. २००९ च्या मोहॉक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गोपनीयतेबाबतच्या आदेशांवर थेट अपील नाही. अंतिम निकालानंतरचे अपील बहुतेकांना पुरेसे आहे, आणि फारच विपरीत घडले तर रिटची वाट उघडी आहे. न्यायाधीशाने नेहमीच्या कायद्याचा आधार घेऊन एखाद्या कागदाबद्दल चुकीचा निष्कर्ष काढला, तर तेवढ्याने काम होत नाही. त्याने कसोटीच चुकीची लावली आणि ती पुढे शेकडो खटल्यांत पसरणार असेल, तर होते.

उलटतपासणी

'भरून न येणारे नुकसान' हेच सर्वस्व आहे, हे शिरस्तेदारांचे म्हणणे मला पूर्ण पटत नाही. जुन्या निकालांत दुसराच धागा दिसतो, आणि तो अधिकाराचा आहे. आपल्या अधिकारात असलेला निर्णय न्यायाधीशाने चुकीचा घेतला, तर थांबा आणि अपील करा; पण जो निर्णय घेण्याचा त्याला अधिकारच नाही तो घेतला, किंवा जे काम करणे त्याला भाग आहे ते त्याने टाळले, तर रिट.

काम टाळण्याची दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. १९५७ च्या लाबाय खटल्यात शिकागोच्या न्यायाधीशांनी मक्तेदारीविरोधी कायद्याखालचे दोन गुंतागुंतीचे दावे, आपल्यापुढे कामाची गर्दी आहे आणि सुनावणी लांबलचक होईल असे सांगून, एका खासगी वकिलाकडे 'मास्टर' म्हणून सोपवले. अपील न्यायालयाने रिट काढली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती ५ विरुद्ध ४ मतांनी कायम केली. खटला चालवणे हे न्यायाधीशाचे काम आहे, आणि गर्दी हे ते दुसऱ्यावर सोपवण्याचे कारण होऊ शकत नाही. १९७६ चा थर्मट्रॉन खटला तर आणखी थेट आहे. केंटकीतील एका मोटार अपघाताचा दावा राज्य न्यायालयातून रीतसर फेडरल न्यायालयात आला होता. न्यायाधीशाने तो परत पाठवला, कारण काय, तर माझ्या फलकावर जागा नाही. असा परत पाठवण्याचा आदेश अपिलात तपासता येत नाही, असे कायद्यात स्पष्ट लिहिलेले असूनही सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, ती मनाई कायद्याने मान्य केलेल्या कारणांपुरती आहे. न्यायाधीशाने मनाने शोधून काढलेल्या कारणाला ती लागू नाही.

अधिकार ओलांडण्याचे उदाहरण आयोवाचे, १९८९ चे. तुरुंगातील कैद्यांच्या दिवाणी दाव्यात न्यायालयाने एका वकिलाला सक्तीने नेमले. आपल्याला असे खटले चालवण्याचा अनुभव नाही, असे सांगून त्याने माघार मागितली, ती नाकारली गेली. सर्वोच्च न्यायालयाने, पुन्हा ५ विरुद्ध ४, असे म्हटले की ज्या कायद्याखाली ही नेमणूक झाली त्याखाली न्यायालय वकिलाला विनंती करू शकते, भाग पाडू शकत नाही, आणि म्हणून रिट हाच योग्य उपाय. यात नुकसान भरून येण्याजोगे होते की नव्हते, यावर वाद घालता येईल. अधिकार नव्हता यावर मात्र बहुमताला शंका नव्हती.

ज्यूरीचा हक्क डावलला तर रिट मिळते, हे १९५९ च्या बीकन थिएटर्सपासून रुळलेले आहे, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही.

अटलांटिकपार

उलटतपासणी यांची मांडणी नीटनेटकी आहे, परंतु पेटंटच्या खटल्यांत ती टिकत नाही. 'सोयीच्या' न्यायालयात खटला हलवायचा की नाही, हा निर्णय पूर्णपणे न्यायाधीशाच्या विवेकाचा. अधिकाराचा प्रश्नच नाही. तरीही गेल्या काही वर्षांत सर्वाधिक गाजलेल्या रिट तिथेच निघाल्या आहेत.

सुरुवात २००८ च्या फोक्सवॅगन प्रकरणाने झाली. अपघात डॅलसमध्ये, साक्षीदार डॅलसचे, आणि दावा १५५ मैल दूर, पूर्व टेक्ससमधील मार्शल गावी. न्यायाधीशांनी तो हलवायला नकार दिला. पाचव्या सर्किटच्या पूर्णपीठाने रिट काढली, आणि त्यावर मतभेद नोंदवणाऱ्या न्यायाधीशांचा आक्षेप नेमका हाच होता की, विवेकाधीन निर्णय आम्हाला वेगळा घ्यावासा वाटतो म्हणून मँडॅमस काढायचा, तर मग अपील आणि मँडॅमस यांत फरक काय उरला? त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पेटंटची अपिले ऐकणाऱ्या फेडरल सर्किटने टी.एस. टेक प्रकरणात हा निकाल उचलून धरला, आणि मग पूर्व टेक्ससमधून खटले हलवण्यासाठी अर्जांची रांग लागली. पुढे २०१८ मध्ये न्यायाधीश अल्ब्राइट टेक्ससमधीलच वेको येथे नेमले गेले, देशभरातील पेटंट दावे त्यांच्या एकट्याच्या न्यायालयात गोळा होऊ लागले, आणि फेडरल सर्किटने त्यांच्याविरुद्ध एकामागून एक रिट काढल्या. शेवटी जुलै २०२२ मध्ये त्या जिल्ह्याच्या मुख्य न्यायाधीशांनी वेकोत दाखल होणारे पेटंट दावे जिल्ह्यातील न्यायाधीशांमध्ये सोडत पद्धतीने वाटण्याचा आदेश काढला.

याचे जे समर्थन दिले जाते ते चतुर आहे. अंतिम निकालानंतर अपिलात "खटला दुसरीकडे हलवला असता तर मी जिंकलो असतो" हे सिद्ध करणे जवळपास अशक्य, म्हणून अपील हा पुरेसा मार्ग नव्हे. परंतु हाच युक्तिवाद बँकर्स लाइफलाही लागू पडला असता, आणि तिथे तो चालला नव्हता. माझे स्पष्ट मत असे की, यात निकषांपेक्षा वरच्या न्यायालयाची अस्वस्थता अधिक बोलते. एकाच न्यायाधीशाचे एकाच प्रकारचे आदेश वारंवार समोर येऊ लागले की तीच चूक असाधारण वाटू लागते.

शिरस्तेदार

आपण जे 'अस्वस्थता' म्हणता त्याला नवव्या सर्किटने १९७७ च्या बाउमन निकालात सरळ निकषाचेच रूप दिले आहे. त्यातील पाच बाबींपैकी एक अशी की, ही चूक वारंवार होणारी आहे का किंवा त्यामागे नियमांकडे सततचे दुर्लक्ष आहे का. दुसरी त्याच्या बरोबर उलट टोकाची: प्रश्न नवा आणि महत्त्वाचा आहे का. चूक सवयीची असली तरी रिट आणि अगदी पहिल्यांदा घडली तरी रिट, हे हास्यास्पद वाटते खरे; पण दोन्ही वेळा पुढच्या खटल्यांवर होणारा परिणाम हेच कारण आहे.

तरीही १९६७ च्या विल निकालाने घातलेली मर्यादा विसरता येत नाही. तिथे सरकारची तक्रार होती की, शिकागोचे एक न्यायाधीश फौजदारी खटल्यांत सरकारला आपली माहिती आरोपीपुढे उघडी करायला लावण्याचे धोरणच राबवत आहेत. अपील न्यायालयाने कारणे न देता रिट काढली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. सरन्यायाधीश वॉरन यांनी बजावले की, मँडॅमस हे न्यायाधीशाला शिक्षा करण्याचे साधन नव्हे. वेकोच्या प्रकरणात ही रेषा ओलांडली गेली का, यावर आपले आणि माझे मत वेगळे पडेल, असे दिसते.

तिसरा बाक

विषयाला सोडून नाही, म्हणून एक तुलना. आपल्याकडे १९९९ च्या दुरुस्तीने, जी जुलै २००२ पासून अमलात आली, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११५ खालचा पुनरीक्षणाचा मार्ग अरुंद झाला, आणि अंतरिम आदेशांविरुद्धची गर्दी संविधानाच्या अनुच्छेद २२७ कडे वळली. २०१५ च्या राधेश्याम निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, दिवाणी न्यायालयांच्या न्यायिक आदेशांविरुद्ध अनुच्छेद २२६ खाली रिट चालणार नाही. २२७ खालचा देखरेखीचा अधिकार तेवढा आहे. त्या अधिकाराची भाषा वाचली तर लाबाय आणि थर्मट्रॉनची आठवण होते: कनिष्ठ न्यायालयाला त्याच्या अधिकाराच्या हद्दीत ठेवणे, चुका दुरुस्त करत बसणे नव्हे. व्यवहारात मात्र २२७ चा अर्ज हा आपल्याकडच्या दिवाणी वकिलाचा नित्यपाठ आहे, तर तेथील वकील मँडॅमसच्या अर्जाला शेवटचा पर्याय मानतो.

दक्षिणवारा

'वेळ' या मुद्द्याकडे कोणी वळले नाही, म्हणून फ्लिन प्रकरण मांडते.

राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार राहिलेल्या मायकेल फ्लिन यांनी डिसेंबर २०१७ मध्ये एफबीआयशी खोटे बोलल्याचा गुन्हा कबूल केला. मे २०२० मध्ये न्याय खात्यानेच खटला मागे घेण्याचा अर्ज दिला. फौजदारी प्रक्रियेच्या ४८ व्या नियमानुसार असा अर्ज न्यायालयाच्या परवानगीनेच मंजूर होतो. न्यायाधीश सलिव्हन यांनी लगेच परवानगी दिली नाही. त्यांनी सरकारच्या विरुद्ध बाजू मांडण्यासाठी एका निवृत्त न्यायाधीशांना नेमले आणि सुनावणी ठेवली. फ्लिन यांनी मँडॅमसचा अर्ज केला. २४ जूनला डी.सी. सर्किटच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने २ विरुद्ध १ मतांनी रिट काढून खटला मागे घेऊ द्या असे सांगितले. त्यानंतर जे घडले ते विरळा आहे: खुद्द न्यायाधीश सलिव्हन यांनीच पूर्णपीठाकडे फेरविचाराची मागणी केली. ज्याला प्रतिवादी मानायचे नाही असे १९९६ मध्ये ठरले, त्याला अशी मागणी करता येते का, यावरही वाद झाला. ३१ ऑगस्टला पूर्णपीठाने ८ विरुद्ध २ मतांनी रिट नाकारली.

नकाराचे कारण अगदी साधे होते. न्यायाधीशांनी अर्जावर अजून निर्णयच दिलेला नव्हता. ते कदाचित परवानगी देतील, कदाचित नाकारतील. नाकारली तर तेव्हा दाद मागता येईल. न झालेल्या निर्णयाविरुद्ध 'दुसरा पुरेसा मार्ग नाही' असे म्हणता येत नाही. सरकारचा अर्ज मंजूर व्हायला हवा होता की नाही, यावर पूर्णपीठाने मत दिलेले नाही, आणि नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी दिल्यामुळे ते कधी द्यावेही लागले नाही. जाता जाता, शिरस्तेदारांनी सांगितलेल्या चेनी खटल्यातले जिल्हा न्यायाधीश हेच सलिव्हन होते.

याच्या उलट बाजूला अल-नशिरी प्रकरण आहे. ग्वांटानामोच्या लष्करी आयोगापुढे चाललेल्या या खटल्याचे न्यायाधीश खटला चालू असतानाच न्याय खात्याकडे इमिग्रेशन न्यायाधीशाच्या नोकरीसाठी प्रयत्न करत होते, आणि त्या खात्याचा या खटल्यात हात होता. आरोपीच्या वकिलांना हे फार उशिरा कळले. २०१९ मध्ये डी.सी. सर्किटने रिट काढली आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये अर्ज केल्या दिवसापासूनचे त्या न्यायाधीशांचे सगळे आदेश रद्द केले, म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळाचे काम पुसले गेले. पक्षपाताच्या शंकेत अपिलाची वाट पाहायला न सांगण्याचे कारण असे की, अशा न्यायाधीशापुढे खटला चालणे हेच नुकसान आहे.

कागदीघोडे

एका मुद्द्याची भर. रिट वारंवार लागू लागली की कधी कधी कायदाच बदलतो. १९९५ मध्ये सातव्या सर्किटचे न्यायाधीश पॉझ्नर यांनी रोन-पुलांक प्रकरणात रिट काढली. रक्तघटकांच्या औषधांतून एचआयव्हीची लागण झालेल्या हिमोफिलियाच्या रुग्णांचा देशव्यापी सामूहिक दावा न्यायाधीशांनी मान्य केला होता. तोवर वेगवेगळे चाललेल्या १३ खटल्यांपैकी १२ औषध कंपन्यांनी जिंकले होते. पॉझ्नर यांचे म्हणणे असे की, आता हजारोंचा दावा एकाच ज्यूरीपुढे गेला तर दिवाळखोरीच्या भीतीने कंपन्या तडजोड करतील, अंतिम निकाल लागणारच नाही, आणि मग अपील कशावर करणार? निकाल २ विरुद्ध १ होता आणि त्यावर टीकाही पुष्कळ झाली. रुग्णांच्या बाजूने पाहिले तर ती समजण्यासारखीही आहे. पण १९९८ मध्ये दिवाणी प्रक्रियेच्या २३ व्या नियमात भर पडून सामूहिक दाव्याच्या मान्यतेवर, अपील न्यायालयाच्या परवानगीने, थेट अपिलाची सोय झाली, आणि त्या कामापुरती रिटची गरज जवळपास संपली.

गुन्ह्यातील पीडितांसाठी २००४ च्या कायद्याने याहून वेगळे केले: मँडॅमस हे नाव ठेवले, पण अपील न्यायालयाने ७२ तासांत निर्णय द्यावा असे बंधन घातले, आणि २०१५ च्या दुरुस्तीने अपिलाचेच नेहमीचे निकष लावायला सांगितले.

वाचनमात्र

मग मला पडलेले कोडे असे. ज्युलियाना या हवामानबदलाच्या खटल्यात सरकारने अनेकदा मँडॅमस मागितला आणि तो नाकारला गेला; आणि मग २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने त्याच न्यायाधीशांविरुद्ध तो काढला. दावा तोच, सरकारचे म्हणणेही जवळपास तेच. मधे बदलले काय?

शिरस्तेदार

त्या खटल्याचा क्रमच पाहावा लागेल. २०१५ मध्ये ओरेगनमध्ये २१ तरुण वादींनी, सरकारच्या इंधनधोरणामुळे आपल्या घटनात्मक हक्कांना बाधा येते, असा दावा लावला. न्यायाधीश एकेन यांनी तो प्राथमिक अवस्थेत फेटाळायला नकार दिला. सरकारचे म्हणणे होते की, कागदपत्रांचा आणि जबान्यांचा असह्य भार आमच्यावर पडेल. मार्च २०१८ मध्ये नवव्या सर्किटने रिट नाकारली, कारण तसा एकही आदेश तोवर झालेला नव्हता. दावा टिकणारा आहे, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्थगिती नाकारली, पण नवव्या सर्किटकडे दाद मिळू शकेल असे सुचवून. काही दिवसांत नवव्या सर्किटने न्यायाधीशांना, मधल्या अपिलाचा दाखला देण्याचा पुन्हा विचार करा, असे कळवले, आणि महिना संपण्याच्या आत तो दाखला मिळाला. म्हणजे रिट नाकारली गेली, आणि तरीही सरकारला जे हवे होते ते जवळपास मिळाले. त्या अपिलात जानेवारी २०२० मध्ये २ विरुद्ध १ मतांनी ठरले की, वादींना मागितलेली दाद देणे न्यायालयाच्या आवाक्याबाहेर आहे. दावा काढून टाकण्याच्या सूचनेसह प्रकरण परत पाठवले गेले.

बदलले ते इथे. २०२३ मध्ये न्यायाधीशांनी दावा काढून न टाकता, वादींना सुधारित दावा दाखल करण्याची परवानगी दिली. आता मुद्दा हवामानाचा राहिला नव्हता, भाराचाही नव्हता. वरच्या न्यायालयाने दिलेली सूचना खालच्या न्यायालयाने पाळली की नाही, एवढाच होता, आणि या प्रश्नात न्यायाधीशाला विवेकाची मुभा नसते. १ मे २०२४ रोजी रिट निघाली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वादींची याचिका दाखल करून घेण्यास नकार दिला.

उलटतपासणी यांना यात अधिकाराची रेषा दिसेल आणि ती आहेही. मला मात्र २०१८ चा नकार अधिक बोलका वाटतो. तो मिळाल्यावर वादींच्या बाजूने बराच आनंद व्यक्त झाला होता.

उलटतपासणी

अधिकाराचीच रेषा, हे आपणच मान्य केलेत, त्यामुळे तेवढ्यापुरते माझे समाधान झाले. पेटंटच्या रांगेचे काय करायचे, हे मात्र अटलांटिकपार यांनी विचारलेल्या जागीच राहिले आहे. विवेकाधीन आदेशावर रिट काढायची तर 'स्पष्ट आणि निर्विवाद हक्क' कशाचा, याचे उत्तर फोक्सवॅगनच्या बहुमतानेही मला पटेल असे दिलेले नाही. कोणी तो निकाल मतभेदासह पूर्ण वाचला असेल, तर त्यावर लिहावे.